खराडे उस्तादांची सही

आपल्यावर गुन्हा दाखल व्हावा म्हणून एक माणूस चौदा महिने अर्ज करत हिंडत होता, आणि ते सगळे अर्ज मी टाइप करून दिले. माझी पस्तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत गेली, निवृत्त झाले तेव्हा सेक्शन ऑफिसर होते. लोक कसले कसले अर्ज करतात ते मी पाहिलं आहे. बदलीसाठी करतात, झालेली बदली रद्द व्हावी म्हणून करतात. पण ‘मी खोटं प्रमाणपत्र दिलं आहे, माझ्यावर कारवाई करावी’ असा अर्ज माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. आला असता तर कुठल्या फायलीत लावायचा, हे मलाही सुचलं नसतं.

हे गृहस्थ म्हणजे नायब सुभेदार काकासाहेब खराडे. मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. दिल्लीच्या द्वारका भागात आमच्याच सोसायटीत, माझ्या दोन मजले वर राहतात. घरी बायको प्रभावती आणि मुलगी शिवांजली. सव्वीस वर्षं पायदळात काढली, शेवटची पोस्टिंग दिल्ली कॅन्टला झाली, शिवांजलीचं कॉलेज इथंच सुरू होतं म्हणून गावी न जाता इथंच राहिले. फौजेत त्यांचं काम शिकवण्याचं. नव्या रंगरुटांच्या हातात पहिल्यांदा रायफल द्यायची ती खराड्यांनी. शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात. निवृत्तीनंतरही कुणी त्यांना उस्ताद म्हटलं की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. त्यांच्या हातून गेलेल्या एकाही पोरानं चुकून गोळी झाडली नाही, हे ते मला पहिल्याच भेटीत, लिफ्टमध्ये, सांगून मोकळे झाले होते.

सहा वर्षांपूर्वी त्यांना ‘वज्ररेखा’ नावाच्या सिक्युरिटी कंपनीत नोकरी लागली. मालक मेहंदीरत्ता नावाचे गृहस्थ. आधी प्रॉपर्टीचा धंदा करायचे. द्वारका एक्सप्रेसवेच्या दोन्ही अंगांना टॉवर उठत होते, गुरुग्राममध्ये तर रोज नवी सोसायटी ताब्यात दिली जात होती, आणि प्रत्येक गेटवर, प्रत्येक लिफ्टपाशी, प्रत्येक बेसमेंटमध्ये गणवेशातला माणूस हवा होता. कायदा असा आहे की अशा गार्डला आधी एकशे साठ तासांचं प्रशिक्षण द्यायचं, त्याचं प्रमाणपत्र काढायचं, मगच त्याला उभं करायचं. प्रमाणपत्रावर प्रशिक्षकाची सही लागते. ती सही खराडे साहेबांची.

सुरुवातीला त्यांनी जीव तोडून शिकवलं. बिजवासनपलीकडे कंपनीनं एक रिकामा प्लॉट घेतला होता. तिथं ते पहाटे पोहोचायचे. आग लागली तर कुठला अग्निशामक सिलिंडर कसा वापरायचा, जखमी माणसाला कसं उचलायचं, रागावलेल्या रहिवाशाशी कसं बोलायचं. ज्यांना बंदूक घेऊन उभं राहायचं असेल त्यांना वेगळे धडे. पहिल्या तुकडीतला विष्णू नावाचा गार्ड पुढं आमच्याच सोसायटीच्या गेटवर लागला. पंचेचाळिशीचा, उत्तर प्रदेशातल्या एटाकडचा, शांत माणूस. आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांना लिफ्टमध्ये झटका आला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांची छाती दाबत राहून यानंच त्यांना वाचवलं. खराडे साहेबांनी तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारलेली मी पाहिली आहे.

पण कंपनी शंभर माणसांवरून दोन हजारांवर गेली आणि प्लॉटवरची शिकवणी आटत गेली. मेहंदीरत्तांचा फोन यायचा, "उस्तादजी, कल सुबह पंद्रह आदमी चाहिए. सोसायटीवाले सिर पे बैठे हैं." एकशे साठ तासांचे तीन दिवस झाले. तीन दिवसांचा एक दिवस झाला. मग नुसता गणवेश घालून फोटो काढणं उरलं. शेवटच्या दोन वर्षांत तर खराडे प्लॉटवर जातच नव्हते. ऑफिसात बसायचे, चहा यायचा, पुठ्ठ्याच्या खोक्यात प्रमाणपत्रं यायची, आणि ते सह्या करायचे.

"ताई, मी मनाशी म्हणायचो, हे लोक काय करणार आहेत? बॅरिअर वर करणार, खाली करणार. त्याला शिकायचं काय?" हे त्यांनी मला पुढं सांगितलं. "आणि नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी निवृत्त सुभेदार त्या खुर्चीत बसला असता. अशी आमची लाइन लागलेली असते दिल्लीत."

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, गुरुग्रामच्या एका सोसायटीच्या गेटवर, सकाळी पावणेसातला बंदूक उडाली. त्या सोसायटीनं कंपनीकडून एक बंदूकधारी गार्ड घेतला होता. तो स्वतःच्या परवान्याची दुनळी घेऊन यायचा. त्या दिवशी तो सुट्टीवर होता, बंदूक गार्डरूममध्ये होती. कंपनीच्या सुपरवायझरनं फोन करून गेटवरच्या दुसऱ्या गार्डला सांगितलं, बंदूक घेऊन खुर्चीवर बस, नुसता दिसला पाहिजेस. हा दुसरा गार्ड म्हणजे मुरलीधर. ललितपूरकडचा, बावन्न वर्षांचा. आयुष्यभर त्यानं खाणीत दगड फोडले होते, दम लागायला लागला तेव्हा दिल्लीकडे आला.

सोनम नावाची बाई त्या सोसायटीत तीन घरची कामं करायची. तिचा पास मोबाइलवर मंजूर होत नव्हता म्हणून ती खिडकीशी उभी होती. तेवढ्यात शाळेची बस आली. मुरलीधर बॅरिअर उचलायला घाईनं उठला, मांडीवरची बंदूक सावरायला गेला, आणि गोळी सोनमला लागली. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती. सव्वीस वर्षांची होती. तिची मुलगी चार वर्षांची.

मुरलीधरला त्याच जागेवर अटक झाली. तो पळाला नव्हता. बंदूक खाली टाकून तिच्याजवळ बसून राहिला होता.

कंपनीनं दोन दिवसांत पोलिसांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, आम्ही त्याला बंदूक घ्यायला सांगितलंच नाही, त्यानं आपल्या मनानं उचलली. दोन, तो हत्यारं हाताळण्यात पूर्ण प्रशिक्षित होता, हे बघा प्रमाणपत्र, सैन्यातल्या निवृत्त प्रशिक्षकाची सही आहे. धोका काय आहे हे त्याला नीट माहीत होतं. झालं. साध्या निष्काळजीपणाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला आणि जामीन नाकारला गेला.

मेहंदीरत्तांनी खराड्यांना बोलावून मिठाई दिली. "उस्तादजी, आपके एक साइन ने कंपनी बचा ली."

ती मिठाई त्यांनी घरी आणली नाही. पण वीस दिवस ते गप्प बसले, हेही मला लिहायला हवं. त्यांनीच मला ते लिहायला लावलं होतं, प्रत्येक अर्जात, पहिल्याच परिच्छेदात. "वीस दिवस मी काही केलं नाही, असं स्पष्ट टाका ताई."

या वीस दिवसांत ते ऑफिसातल्या फायली काढून मुरलीधरचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते. फोटो समोर होता, सही समोर होती, चेहरा आठवत नव्हता. शेवटी फॉर्मवरच्या नंबरावर त्यांनी फोन लावला. मुरलीधरच्या बायकोनं उचलला. ती गुरुग्रामलाच, नातेवाइकांच्या खोलीवर, येऊन राहिली होती. फौजेतले कुणी साहेब मदत करणार आहेत एवढंच तिला समजलं. तिनं भेटणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घातलं आणि एका मंगळवारी दोघं भोंडसीच्या जेलमध्ये गेले.

परत आल्यावर ते वर घरी गेलेच नाहीत. सरळ माझ्या दारात उभे राहिले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"ताई, त्यानं मला ओळखलं नाही."

"कसं ओळखेल? तुम्ही कधी भेटलाच नव्हता ना."

"तेच तर. काचेपलीकडून नमस्कार केला आणि म्हणाला, आप कौन साहब? मी नाव सांगितलं. त्याला काही बोध होईना. मग मी म्हटलं, तुझ्या प्रमाणपत्रावर माझी सही आहे. तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. मला म्हणतो, ‘साहब, सब कह रहे हैं मैंने ट्रेनिंग ली थी. आप बताइए, मैंने ली थी क्या? मुझे तो कुछ याद नहीं. उस दिन के बाद से दिमाग ठीक नहीं रहता.’"

खराड्यांनी भरलेला पेला तसाच खाली ठेवला. नंतर म्हणाले, "त्याला वाटतंय तोच विसरला. माझ्या सहीवर त्याचा इतका विश्वास, की स्वतःच्या डोक्यावर संशय घेतोय."

त्याच दुपारी आम्ही पहिला अर्ज लिहिला. खरं सांगते, मी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला. सरकारी नोकरीनं मला एकच शहाणपण शिकवलं होतं, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. म्हटलं, निनावी कळवा. त्याच्या वकिलाला सांगा, सही तुमची नाही असं म्हणा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सही माझीच आहे. बिल्कुल सरळ लिहा."

अर्ज घेऊन ते पोलीस ठाण्यात गेले. तपास अधिकाऱ्यानं वाचला, घडी घालून परत दिला. सभ्य माणूस होता, त्यानं चहाही मागवला. म्हणाला, "फौजी आदमी हो, पेन्शन का सोचो. आरोपपत्र तयार झालंय. तुम्ही आता हे दिलंत तर मला सगळं पुन्हा उघडावं लागेल." दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो अधिकारी बाहेरगावी होता. तिसऱ्यांदा त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी घरी जायला सांगितलं.

मग परवाना देणारं कार्यालय. ते एक नव्हतं, तीन होती. कंपनीची नोंदणी नॉइडाची, म्हणजे उत्तर प्रदेश. शिकवणीचा प्लॉट दिल्लीत. गोळी उडाली हरियाणात. कायदा देशाचा एक, पण परवाने राज्यांचे वेगवेगळे. प्रत्येकानं नम्रपणे दुसऱ्याचा पत्ता दिला. एका ठिकाणी तक्रारीचा छापील नमुना होता. तक्रारदार कोण, तर सेवा घेणारा, कर्मचारी किंवा नागरिक. तक्रार कुणाविरुद्ध, तर एजन्सीविरुद्ध. तिथल्या क्लार्कनं विचारलं, "आपकी शिकायत किसके खिलाफ है?"

"माझ्याविरुद्ध."

"ऐसा कॉलम नहीं है सर."

मी त्या क्लार्कवर हसले नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

कंपनीला सुगावा लागला तसा त्यांचा पगार थांबला, नंतर नोकरीच गेली. मेहंदीरत्तांच्या वकिलाची नोटीस आली की खराडे मानसिकदृष्ट्या अस्थिर आहेत आणि कंपनीची बदनामी करत आहेत. त्यांच्या घरातल्या भांडणाचे आवाज खाली माझ्यापर्यंत यायला लागले. प्रभावती वहिनी कमी बोलणाऱ्या बाई. पण एक दिवस त्या माझ्याकडे आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुम्ही टाइप करून देता म्हणून हे चाललंय."

"मी नाही दिलं तर दुसऱ्याकडून करून घेतील, वहिनी."

"घेऊ दे. तुमच्या हातानं नको. माझ्या पोरीचं काय करायचं ते सांगा."

शिवांजली विमानतळावर एका एअरलाइनच्या काउंटरवर होती. तिचा आत जाण्याचा पास दरवेळी नव्यानं करावा लागायचा आणि त्यासाठी पोलिसांची पडताळणी होती. वडिलांवर गुन्हा नोंदला गेला तर आपल्याला काय काय विचारतील, या भीतीनं ती पोखरली होती. तिचं मराठी दिल्लीतच वाढलेलं. त्या दिवशी जिन्यात ती वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही जे केलं ना, ते गलत होतं. पण आता जे करताय ते पण आमच्यावर जुल्मच आहे. मी कुणाला काय explain करू? माझे बाबा खुद को पकडवाने की कोशिश कर रहे हैं?"

ते म्हणाले, "तो आत आहे, बाळा."

"आणि आम्ही? आम्ही कुठे आहोत?"

महिनाभरानं ती महिपालपूरला मैत्रिणींबरोबर राहायला गेली. जाताना माझ्या पाया पडली, त्यांच्या नाही.

मुरलीधरला सरकारी मदतीतून एक वकीलबाई मिळाल्या होत्या, स्वरूपा नाव. त्यांच्या हातात एका वेळी चाळीसेक खटले. खराडे त्यांना कोर्टाच्या आवारात गाठायचे, त्या धावत्या पायांनी म्हणायच्या, पुढच्या तारखेला बघू. सातव्या-आठव्या भेटीत एका पायरीवर बसून त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. मीही बरोबर होते. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला बचावाचे साक्षीदार म्हणून बोलावू शकते. पण आधी नीट ऐका. तुम्ही तिथं जे बोलाल त्यातून तुमच्यावर खटला उभा राहील. मी मुरलीधरची वकील आहे, तुमची नाही. तुम्हाला वाचवणारं तिथं कुणी नसेल."

"चालेल."

"चालेल म्हणू नका. घरी जाऊन विचार करा."

"मॅडम, घरी विचार करायला कुणी उरलं नाही," खराडे म्हणाले. प्रभावती वहिनी तेव्हा गावी भावाकडे निघून गेल्या होत्या.

साक्ष झाली ती गेल्या वर्षीच्या मे महिन्यात. कोर्टाच्या व्हरांड्यात सोनमचा नवरा भेटला. ई-रिक्षा चालवतो. मुलीला बरोबर आणलं होतं, ती बाकावर झोपली होती. प्रत्येक तारखेला हा म्हातारा फौजी येतो हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं विचारलं, "आप किसकी तरफ से हो?"

खराड्यांनी हातातलं साक्षीचं समन्स पुढं केलं.

"उसे छुड़वाने आए हो ना?" तो शांतपणेच बोलत होता. "मग माझी बायको कुणी मारली? त्याला येत नव्हतं म्हणून तो सुटणार. कंपनीनं सांगितलं नाही म्हणून कंपनी सुटणार. तुम्ही तर तिथं नव्हतातच. मग मारली कुणी?"

"मी," खराडे म्हणाले.

त्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. तेही त्याला पुरेसं वाटलं नसावं. तो मुलीजवळ जाऊन बसला.

आत खराडे ताठ उभे राहिले. स्वरूपा मॅडमनी प्रमाणपत्र दाखवलं. सही तुमची? माझी. यात लिहिलेलं प्रशिक्षण दिलं होतं? नाही. एक तास तरी? एक मिनिटही नाही. मी या माणसाला पहिल्यांदा जेलमध्ये पाहिलं.

मग गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, तुम्ही शिकवलं नाही हे तुम्ही आज म्हणता, पण यात बघून सांगता येतं का की या माणसाला शिक्षण नव्हतं?

"येतं, साहेब." त्यांचा आवाज पहिल्यांदा स्थिर झाला, शिकवणाऱ्याचा झाला. "तो बंदूक मांडीवर आडवी ठेवून बसलाय आणि नळी गेटकडे आहे, जिथून माणसं येतात. पहिल्या दिवशी पहिला धडा असतो, नळी जमिनीकडे नाहीतर आभाळाकडे. भरलेली आहे की रिकामी हे त्यानं बघितलंच नाही, कारण ती उघडतात कशी हे त्याला माहीत नाही. उठताना बघा, त्यानं ती काठीसारखी धरलीय. अठरा वर्षांचा रंगरूटही दुसऱ्या दिवसानंतर असं धरत नाही."

मी मागच्या बाकावर होते. मुरलीधर पिंजऱ्याच्या कठड्याला धरून ऐकत होता. आपल्याला काही येत नव्हतं, हे जगासमोर सिद्ध होताना तो हळूहळू रडायला लागला. डोकं ठीक आहे एवढं तरी त्याला त्या दिवशी कळलं असावं.

सरकारी वकिलांनी उलटतपासणीत एकच मुद्दा धरला. "प्रमाणपत्रावर सही करताना तुम्ही खोटं बोललात?"

"हो."

"मग आज खरं बोलताय हे कोर्टानं का मानावं?"

"कारण तेव्हा खोटं बोलून मला पगार मिळत होता," खराडे म्हणाले. "आज काय मिळतंय?"

"अशी किती प्रमाणपत्रं दिलीत?"

"शेवटच्या दोन वर्षांतली सगळी. दीड हजाराच्या वर."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला तो आकडा पुन्हा सांगितला.

सप्टेंबरमध्ये निकाल लागला. मुरलीधर निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरला, मोठ्या गुन्ह्यातून सुटला, आणि एकोणीस महिने आत काढले तीच शिक्षा धरून मोकळा झाला. बायको त्याला ललितपूरला घेऊन गेली. खराडे महिन्यातून दोनदा फोन करून चौकशी करतात. ती सांगते, तो घरातून बाहेर पडत नाही, कुणी दार जोरात लावलं तरी कानावर हात ठेवतो. एकदा तिनं त्याच्या कानाला फोन लावून दिला. तो एवढंच म्हणाला, "साहब, वो बच्ची कैसी है?" सोनमची मुलगी. खराड्यांना ते माहीत नव्हतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

निकालाची प्रत तिन्ही राज्यांच्या परवाना कार्यालयांना गेली, आणि आता मात्र सगळे झपाट्यानं हलले. ‘वज्ररेखा’चा परवाना स्थगित झाला. खराड्यांच्या सहीची सगळी प्रमाणपत्रं रद्द. शेवटच्या दोन वर्षांचीच नव्हे, सगळी. कोणतं खरं आणि कोणतं खोटं हे तपासत बसायला कुणाला वेळ नव्हता. एका आठवड्यात दोन हजारांहून जास्त माणसं गेटांवरून, दवाखान्यांतून, मॉलमधून उठवली गेली.

दिवाळीच्या आधीची एक सकाळ होती. आमच्या सोसायटीच्या खाली तीस-चाळीस माणसं जमली. बहुतेकांच्या अंगावर अजून तोच निळा शर्ट होता, फक्त खांद्यावरची पट्टी उसवलेली. शिव्या चालल्या होत्या. मी खराड्यांना वर थांबायला सांगितलं, तरी ते खाली उतरले. मी मागोमाग गेले.

"हमारा क्या कसूर था?" एकजण ओरडला. "हमने कहा था साइन करो?"

कुणीतरी त्यांची कॉलर धरली. त्यांनी हात वर केला नाही. विष्णूनं मध्ये पडून ती सोडवली. विष्णूला त्या सकाळीच ड्युटीवरून काढलं होतं, गावी न्यायची पिशवी भिंतीशी ठेवलेली होती. त्यानं गर्दीला बाजूला केलं, मग स्वतः त्यांच्यासमोर उभा राहिला.

"उस्ताद, मेरा वाला तो असली था ना?"

"असली था."

"आपने खुद सिखाया था. पूरे दिन. मैंने एक दिन छुट्टी नहीं ली थी."

"हाँ, विष्णू."

"तो फिर?"

खराड्यांचा चेहरा मला पाहवेना. विष्णूनं वाट पाहिली, चांगली मिनिटभर पाहिली असेल. मग पिशवी उचलून मेट्रोच्या दिशेनं चालायला लागला. त्याच्या मागून बाकीचेही एकेक करून गेले.

त्या रात्रीपासून खराड्यांचं खाणं तुटलं. मी डबा पाठवायचे, तो तसाच परत यायचा. प्रभावती वहिनींना मीच फोन केला. त्या आल्या. आल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. शिवांजलीचा पास झाला की नाही हे मी विचारलं नाही. रविवारी ती येते, आईजवळ बसते, वडील ज्या खोलीत असतील तिथं जात नाही.

डिसेंबरात ‘वज्ररेखा’ची माणसं दुसऱ्या नावाच्या कंपनीत दिसायला लागली. परवाना नवा, मालक म्हणून मेहंदीरत्तांच्या मेहुण्याचं नाव, शर्ट राखाडी. आमच्या गेटवरही त्याच कंपनीचा गार्ड आला. मी त्याला सहज विचारलं, ट्रेनिंग कुठं झालं? तो म्हणाला, "मॅडम, अभी फोटो हुआ है. सर्टिफिकेट आ जाएगा." हे मी खराड्यांना सांगितलं नाही. पण ते रोज त्याच गेटमधून ये-जा करतात, आणि त्यांना डोळे आहेत. एक दिवस ते स्वतःच म्हणाले, "उत्तराताई, एक अर्ज लिहायचा होता." मी कॉम्प्युटर सुरू केला. त्यांनी नव्या कंपनीचं नाव सांगितलं, परवाना क्रमांक सांगितला, मग हातानं मला थांबवून म्हणाले, "राहू दे. ते पुन्हा त्या माणसांनाच काढतील." आणि उठून गेले.

त्यांच्यावर खोटे दस्तऐवज केल्याचा खटला उभा राहिला आहे. ज्या ठाण्यातून ते अर्ज घेऊन तीनदा परत आले होते, त्याच ठाण्यानं त्यांना घरून नेलं. जामीन मी राहिले. मेहंदीरत्तांचं नाव आरोपपत्रात नाही. कोऱ्या प्रमाणपत्रांवर प्रशिक्षकानं आपल्या मर्जीनं सह्या केल्या, असं त्यात म्हटलं आहे.

गेल्या महिन्यात आरोप वाचून दाखवण्याची तारीख होती. मी आणि प्रभावती वहिनी बरोबर गेलो. न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? खराडे साहेबांनी पाय जुळवले आणि म्हणाले, "कबूल आहे." त्यांच्या वकिलानं त्यांचा दंड धरला. दंडाधिकाऱ्यांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, वय विचारलं, नोकरी विचारली, आणि म्हणाले, घाई करू नका, वकिलाशी बोला, विचार करून सांगा. पुढची तारीख जुलैची मिळाली.

बाहेर आल्यावर वहिनींनी त्यांना एवढंच विचारलं, "जेवणार आहात ना?" ते हो म्हणाले. आम्ही तिघं कोर्टासमोरच्या एका ढाब्यावर बसलो. वहिनींनी त्यांच्या पुढ्यात ताट सरकवलं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, तो हातात धरला, आणि रस्त्यापलीकडच्या एका टॉवरच्या गेटवर, उन्हात उभ्या असलेल्या राखाडी शर्टातल्या माणसाकडे बघत राहिले.